शांत मूळ

आमच्याकडे रोपाची मान कापायची असते. खोड संपून मूळ सुरू होतं त्या जागेला आम्ही मान म्हणतो. तिथे कात्री लावायची, मूळ डावीकडे ओल्या कागदावर, पाला उजवीकडे बादलीत. मग मूळ तीनदा धुवायचं, टिपायचं, चकचकीत कागदात गुंडाळायचं आणि द्रव नायट्रोजनमध्ये सोडायचं. सगळं मिनिटाच्या आत, कारण उपटल्या क्षणापासून मूळ घाबरायला लागतं आणि ती घाबरगुंडी आमच्या आकड्यांत मिसळते. बावीस वर्षं मी हे करते आहे. माझ्या हाताखालून सात विद्यार्थी पीएचडी करून डॉक्टर होऊन गेले. मी बाईची बाईच राहिले. बादली संध्याकाळी मागच्या खड्ड्यात रिकामी करायची. बावीस वर्षांत त्या बादलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि मी तर सगळ्यात कमी पाहिलं.

आमची प्रयोगशाळा मुळांची. आमचे सर मुळांचे. त्यांच्या टेबलावर मुळाचा फोटो आहे, बायकोचा नाही, आणि त्यांची बायको हे स्वतःच सगळ्यांना सांगते. विषय एकच: जड धातू मुळाला लागला की मूळ काय करतं. त्यातही आमचा लाडका म्हणजे कॅडमियम. तो बॅटऱ्यांत असतो, रंगात असतो, मुलामा देण्याच्या कारखान्यांत असतो. झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण तो मुळाशी आला की मुळाच्या पेशींतली एरवी झोपलेली जनुकं तासाभरात जागी होतात. एक जनुक धातूला घट्ट धरून ठेवणारी प्रथिनं करायला लावतं. दुसरं पेशीतल्या कोठीचं दार उघडून तो आत लोटतं आणि वरून कडी घालतं. तिसऱ्याचा पंप असतो, तो धातूला खोडाकडे वर ढकलतो. विषारी पाण्यातल्या मुळाची साध्या पाण्यातल्या मुळाशी तुलना करायची आणि कुठलं जनुक किती जागं झालं ते मोजायचं, हे आमचं काम. पुष्कळ जागी झाली असतील तर आम्ही म्हणतो मूळ ओरडतंय. झोपलेलीच असतील तर म्हणतो मूळ शांत आहे.

सगळ्यात शांत मूळ होतं अकरा नंबरच्या मोहरीचं. पाल्याची मोहरी, रुंद पानांची. सगळ्यात कडक विषाच्या ट्रेमध्ये बाकीच्या मोहऱ्या चार दिवसांत पिवळ्या पडून माना टाकायच्या, आणि ही बया हिरवीगार. मूळ मोजावं तर हूं नाही की चूं नाही. सरांनी तिच्यावर चार ठिकाणी भाषणं दिली. बियांच्या बरणीवर मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘११, सहनशील’.

आता ताईचं सांगते.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ती मला अजून छोटे म्हणते, माझे केस पांढरे झाले तरी. तिचा धंदा शिवणकामाचा, नजर अशी की माणूस दारातून आत येईपर्यंत तिनं त्याच्या खांद्याचं माप घेतलेलं असतं. भावोजी बॅटरीच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, नंतर भावोजीही गेले, हृदय थांबलं. राहिलं ते कामगारांच्या ओळीतलं घर आणि त्यामागचं दहा पावलांचं अंगण. अंगणातली माती राखाडी. कारखान्यानं जाता जाता तिच्यावर चुना पसरून, दोन बोटं चांगली माती टाकून सपाट करून दिली होती. तिथे गवतसुद्धा नीट उगवत नसे.

ताईच्या अंगात रक्त कमी. लहानपणापासून कमी. आठाच्या वर आकडा कधी गेला नाही. लोहाच्या गोळ्या तिच्या पोटाला सोसत नसत, चार दिवस घेऊन ती डबी फडताळात ढकलायची. डॉक्टर म्हणाले, मग निदान रोज पालेभाजी खा. ताईनं अंगणात तीनदा भाजी लावली, तिन्ही वेळा रोपं बोटाएवढी होऊन गेली.

“बहीण एवढी झाडांच्या नोकरीत,” ती म्हणाली, “आणि माझ्या दारात हिरवं पान नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी अकरा नंबरच्या बरणीतून चिमूटभर बी कागदाच्या पुडीत बांधून आणलं. चोरी म्हणायची तर चोरी. पण बरणीत हजारो बिया होत्या आणि माझी बहीण एकच होती.

आता कुणी म्हणेल, कारखान्याची जमीन, आणि ही बाई इतकी वर्षं कॅडमियमच्या संगतीत, हिला कळलं नाही? कळलं होतं. मी काही दुधखुळी नाही. महिन्यानं रोपं वर आली, पानं तळहाताएवढी झाली, तेव्हा मी पर्समध्ये कात्री आणि मुळं जपायच्या द्रावणाच्या छोट्या बाटल्या घेऊन ताईकडे गेले. ताईला बजावलं की मी सांगेपर्यंत एक पान तोंडात घालायचं नाही. तीन रोपं उपटली. मानेवर कात्री लावली. मुळं तीनदा धुतली, टिपली, बाटलीत घातली. पाला कचऱ्याच्या डब्यात टाकला.

ताई मागे उभी होती. “अगं, एवढा चांगला पाला टाकतेस? माज आलाय का?”

“तो लागत नाही,” मी म्हणाले.

तपासणीच्या मशीनमधल्या ताटलीत शहाण्णव खळगे असतात. कुणातरी विद्यार्थ्याची ताटली लागत होती, कोपऱ्यातले काही खळगे रिकामे होते. त्यात मी ताईची मुळं लावली, शेजारी कुंडीतल्या स्वच्छ मातीतली अकरा नंबरची मुळं लावली. धातू पकडणारं जनुक पाहिलं, कोठीचं पाहिलं. दोन्हींकडे रेषा एकावर एक. जमिनीत काही असतं तर मूळ ओरडलं असतं, असं मी धरलं; ही बया कडक विषातही ओरडत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मूळ शांत होतं.

मी जिन्यात जाऊन ताईला फोन केला. “ताई, बिनधास्त खा.”

त्या वाक्याला आता सहा वर्षं झाली.

ती भाजी ताईनं मनापासून खाल्ली. अकरा नंबर त्या राखाडी मातीत अशी माजली की ओळीतल्या बायका बघायला आल्या. ताई बी धरायची, पुन्हा टाकायची, वर्षाचे बारा महिने अंगण हिरवं. दर रविवारी मी गेले की माझ्यासाठी एक जुडी बांधलेली असे. मी कधी नेत नसे. दिवसभर हात मोहरीत, अंगाला मोहरीचा वास, घरी परत तेच कोण शिजवणार? “माझ्या वाट्याचीही तूच खा,” मी म्हणायचे, “तुला गरज आहे.” आणि ताई खायची. माझी बहीण माझ्या वाट्याचंही खायची, हे मला आता झोपताना, उठताना, बसथांब्यावर उभी असताना आठवतं.

तिसऱ्या वर्षी तिची पाठ धरली. चौथ्या वर्षी ती चालताना डोलायला लागली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी तिला बदक म्हणून चिडवलं, तीही हसली. पाचव्या वर्षी अस्तराच्या कापडाचा तागा फळीवरून काढताना तिची बरगडी मोडली. तागा जड नव्हता. मग पुढच्याच हिवाळ्यात मनगट, तेही दाराची कडी ओढताना. डॉक्टर म्हणाले वय आहे, रक्त कमी आहे, जन्म वाकून शिवण्यात गेला आहे. लघवीत प्रथिनं जातात असंही निघालं, त्याला ते म्हणाले मूत्रपिंड थोडं थकलंय. छप्पन्नाव्या वर्षी बाईचं वय झालं म्हणणाऱ्या डॉक्टरला काय म्हणावं? पण मी तरी कुठे वेगळं म्हणाले. मी म्हणाले, ताई, भाजी वाढव.

या वर्षी भाचीला दिवस गेले. ताईची ही एकुलती एक लेक, बसनं दोन तासांवर राहते, पोरांना गणित शिकवते. रक्त आईसारखंच, आठ. एक जुडी पहिल्यापासून जायचीच, सातवा महिना लागला तसं ताईनं ठरवलं की अंगणातली सगळी भाजी आता लेकीला. जावई दर शनिवारी सकाळी कामासाठी इकडे यायचा, जाताना दोन मोठ्या जुड्या घेऊन जायचा. मी कौतुकानं म्हणाले, बघ, आजी व्हायच्या आधीच नातवाला जेवू घालते आहेस.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत एक नवी विद्यार्थिनी आली. जाड भिंगांमुळे तिचं नाव पहिल्याच आठवड्यात चष्मिस पडलं, आणि तिला ते आवडलंही. पोरगी प्रश्न फार विचारायची. एक दिवस माझ्याशेजारी उभी राहून माझी कात्री बघत होती.

“बाई, पानं कुठे ठेवता?”

“बादलीत.”

“आणि बादली?”

“खड्ड्यात. का, डबा आणला नाहीस का आज?”

ती हसली, पण बादली उचलून घेऊन गेली. पाला तिनं नंबरवार वेगळा केला, भट्टीत वाळवला, आम्लात विरघळवला आणि धातू मोजायच्या मशीनवर चढवला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. दोन आठवडे ती माझी बादली पळवत होती आणि मी तिला भंगारवाली म्हणत होते.

बुधवारी सगळ्यांची बैठक असते. चष्मिसनं पडद्यावर एक चित्र लावलं. प्रत्येक मोहरीच्या दोन पट्ट्या, एक मुळातल्या कॅडमियमची, एक पानातल्या. बाकीच्यांची मुळाची पट्टी उंच, पानाची बुटकी. मूळ ओरडत होतं, पण धरून ठेवत होतं. अकरा नंबरची मुळाची पट्टी नखाएवढी. पानाची पट्टी एवढी उंच की पोरीला ती मधे तोडून दाखवावी लागली.

“हे मूळ सहन करत नाही, सर,” ती म्हणाली. “हे मूळ सगळं वर पाठवून मोकळं होतं. पंपाचं जनुक याच्यात जन्मापासून चालू आहे, साध्या पाण्यातसुद्धा. आपण फक्त बदल मोजतो. ज्यात बदलच होत नाही ते आपल्याला दिसणार कसं? म्हणून मूळ शांत.”

सर पडद्याकडेच बघत राहिले. मला वाटलं चिडले. चार भाषणांवर पाणी पडलं होतं. पण ते उठून पडद्याजवळ गेले आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे, हे तर त्याहून मोठं आहे! विषारी जमीन साफ करायला लावा ही मोहरी. कापा, नीट जाळा, राख गाडा. जमीन स्वच्छ.” मग हसून म्हणाले, “फक्त कुणी खाऊ नका म्हणजे झालं.”

सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसले की माणूस हसतो. आणि मग मला ताईचं अंगण आठवलं.

चष्मिसचं संपलं नव्हतं. चुना घातलेल्या जमिनीत आणखी वाईट, ती सांगत होती. तिथे मुळाला लोह मिळत नाही. लोहाची भूक लागली की मूळ लोह आत घ्यायची दारं वाढवतं, सताड उघडी ठेवतं, आणि त्या दारांना लोह आणि कॅडमियम यांतला फरक फारसा कळत नाही. सरांनी मान हलवली. “माणसाचंही तेच. ज्या बाईचं रक्त कमी, तिच्या आतड्यात अशीच दारं उघडी असतात. धडधाकट माणसापेक्षा कितीतरी जास्त आत घेते ती.”

मी पेन खाली ठेवलं. चुन्याची जमीन. आठ रक्त. मी एका भुकेल्या दारातून दुसऱ्या भुकेल्या दारात ते वाढत होते, वर ‘बिनधास्त खा’ म्हणून.

तरी मी लगेच तोंड उघडलं नाही. आकडा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय, आणि खरं सांगायचं तर पाचावर धारण बसली होती. मागच्या रविवारी ताईनं बळेच पिशवीत कोंबलेली एक जुडी माझ्या फ्रीजमध्ये सुकत पडली होती. गुरुवारी ती घेऊन मी चष्मिसकडे गेले. पोरीनं न विचारता जागा करून दिली. शनिवारी दुपारी बाराला तिनं कागद माझ्या हातात ठेवला. खाण्याच्या भाजीत जेवढा चालतो त्याच्या चाळीसपट.

“ही कुठली, बाई?”

“बहिणीच्या अंगणातली.”

तिच्या चष्म्याआडचे डोळे मोठे झाले. “खाऊ नका म्हणून सांगा हं त्यांना. लगेच सांगा.”

“सांगते,” मी म्हणाले. ती सहा वर्षं खाते आहे हे मात्र मी पोटातच ठेवलं.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जमलं नाही. ताईच्या घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत शिलाईमशीन चालू होतं. मला पाहून तिनं पाय थांबवले. मनगटावरचा पट्टा अजून होता, तरी ती एका हातानं कापड सरकवत होती.

“छोटे? आज शनिवार ना? बस, चहा टाकते.”

“जावई येऊन गेला?”

“सकाळीच गेला. दोन जुड्या दिल्या. का गं, चेहरा का असा?”

मी मागच्या दारानं अंगणात गेले आणि रोपं उपटायला लागले. एक वाफा, दोन वाफे. पिशवीत कात्री असतेच. ताई डोलत डोलत मागून आली, दाराला धरून उभी राहिली.

“अगं, अगं! डोकं फिरलं का तुझं? लेकीची भाजी आहे ती!”

“विषारी आहे, ताई.”

“काय?”

“भाजी. भाजीत विष आहे. कॅडमियम. कारखान्याचा. जमिनीत होता, या झाडानं तो वर खेचून पानात भरला. हे झाड त्यासाठीच आहे, मला माहीत नव्हतं. तुझी हाडं, तुझी पाठ, मूत्रपिंड, ते वयाचं नाही, ताई. ते या भाजीचं आहे. ते माझं आहे.”

ती पायरीवर बसली. तिला बसायला वेळ लागतो, आधी एक हात भिंतीवर, मग दुसरा गुडघ्यावर. मी उठवायला गेले तर तिनं हातानंच नको म्हटलं. मी पुन्हा वाफ्याशी बसले, कारण तिच्याकडे तोंड करून बसायची माझी हिंमत नव्हती. हात चालू होते. मी बोलत होते, कसं बी आणलं, कशी मुळं नेली, कशी मशीनवर लावली. चष्मिसचं बोलले, आतड्यातल्या दारांचंही बोलले.

सगळं ऐकून ताई म्हणाली, “पण तू तपासलं होतंस ना?”

“तपासलं होतं. मूळ तपासलं होतं. मूळ शांत होतं.”

ती माझ्या हातांकडे बघत होती, म्हणून मीही पाहिलं. डावीकडे वर्तमानपत्रावर मुळं, एकाशेजारी एक, माती झटकून सरळ लावलेली. उजवीकडे बादलीत पाला, कसाही फेकलेला. बावीस वर्षांचे हात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

“छोटे,” ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, माप विचारावं तसं विचारलं. “आम्ही मूळ कुठे खात होतो गं?”

मला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

“हे अंगातून जातं का?” तिनं विचारलं.

“निम्मं जायला वीस-तीस वर्षं लागतात.”

तिनं मनात हिशेब केला, छप्पन्न आणि वीस, छप्पन्न आणि तीस. “म्हणजे माझ्याबरोबरच जाईल,” ती म्हणाली, आणि मग एकदम ताठ झाली. “फोन आण. मशीनवर आहे. आधी पोरीला सांगायला हवं.”

फोन मी आणला, पण बोलली ती. स्पीकरवर लावला होता, तिचं मनगट कानाशी धरवत नाही. भाचीचा आवाज आला, मागे भांड्यांचा आवाज.

“आई, पोचली गं भाजी. अर्धी दुपारीच केली.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या बहिणीला मी ओळखते. तिनं एका क्षणात ठरवलं की मला झाकायचं, लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की झाकायची तसं. “ऐक, ती भाजी टाकून दे. कीड लागलीय तिला. मला आत्ता दिसली.”

“कीड?” भाची हसली. “मग काय झालं? मिठाच्या पाण्यात ठेवून धुऊन घेते की. अर्धी उरलीय, एवढी चांगली भाजी टाकू होय?”

ताईला दुसरं खोटं सुचेना. मी तिच्या हातून फोन घेतला.

“कीड नाही. मी मावशी बोलते आहे. धुऊन जाणारं नाही ते.”

मग मी सगळं सांगितलं, ताईला सांगितलं त्यापेक्षा नीट, कारण दुसऱ्यांदा सांगत होते. पलीकडे भांडी थांबली.

“मावशी, तूच म्हणाली होतीस ना, बिनधास्त खा?”

“हो. मीच म्हणाले होते.”

“मी सात महिने रोज खातेय. डॉक्टर म्हणाले रक्त वाढव, म्हणून दोन्ही वेळा खातेय.”

“आजपासून बंद कर. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, पोट बिघडलं तरी घे. सोमवारी डॉक्टरकडे जा, कॅडमियम असं स्पष्ट सांग, लघवी आणि रक्त तपासायला लाव. आईचीही तपासायला लावते.”

“आणि बाळ?”

एवढाच प्रश्न होता, ज्याचं उत्तर बसमध्ये सगळा वेळ शोधून मला सापडलं नव्हतं. “पोटातली वार पुष्कळसं अडवून धरते म्हणतात,” मी म्हणाले. “बाळापर्यंत फार जाऊ देत नाही.”

“पुष्कळसं म्हणजे किती?”

ती गणित शिकवते. तिला आकडा हवा होता. माझ्याकडे नव्हता.

“माहीत नाही. ते तपासावं लागेल.”

पायरीवर ताई पदरानं तोंड दाबून बसली होती. बादलीतला पाला अजून टवटवीत होता, एक पान कोमेजलं नव्हतं.

“तपासू,” भाची म्हणाली. “पण तू नको तपासूस, मावशी.”

मी हो म्हणाले, आणि फोन ताईकडे दिला.